मिलानला राजा नव्हता, पत्त्यांत मात्र चार होते

बदामच्या राजाला मिशी नाही, आणि तलवार तर त्यानं जणू स्वतःच्याच डोक्यात खुपसली आहे. मेंढीकोट खेळताना हे कधी ना कधी सगळ्यांच्या लक्षात येतं. एखादं पोर विचारतं, ‘हा कुठला राजा?’ मोठी माणसं म्हणतात, ‘आधी पान टाक.’ डाव पुढे सरकतो आणि प्रश्न तिथंच राहतो.

हाच प्रश्न सहाशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या पत्त्यांना विचारला, तर मजेदार उत्तरं मिळतात. हे पत्ते म्हणजे टॅरो. आज टॅरो म्हटलं की मेणबत्ती, गूढ चेहऱ्याची बाई आणि भविष्य एवढंच डोळ्यांपुढे येतं. ते सगळं बाजूला ठेवा. टॅरोला गूढविद्येचा रंग चढला तो फ्रान्समध्ये, १७८१ पासून पुढे. त्याआधीची साडेतीनशे वर्षं हा निखळ पत्त्यांचा खेळ होता, आपल्या मेंढीकोटासारखाच: उतारी, हात, हुकूम सगळं त्यात होतं.

आधी जोडाची मांडणी समजून घेऊ. इटलीतल्या साध्या जोडात चार रंग असत: पेले, मोहरा, तलवारी आणि दंड. प्रत्येक रंगात एक्का ते दहा, आणि वर तीन चित्रांचे पत्ते, म्हणजे राजा, घोडेस्वार आणि प्यादा. राणी नव्हतीच. १४४० च्या सुमाराला उत्तर इटलीत कुणीतरी दोन भर घातल्या. प्रत्येक रंगाला एक राणी मिळाली, म्हणजे रंगाचे चौदा पत्ते झाले आणि चार रंगांचे छप्पन्न. शिवाय बावीस वेगळी चित्रं आली: मदारी, सम्राट, पोप, प्रेम, दैवाचं चाक, मृत्यू, चंद्र, सूर्य वगैरे. त्यांतला एक ‘मूर्ख’ सोडला तर बाकीचे एकवीस म्हणजे कायमचे हुकूम. एकूण अठ्ठ्याहत्तर पत्ते.

आता गंमत अशी, की हे पत्ते जिथं जन्माला आले त्या गावांत राजाच नव्हता. मिलानला ड्यूक होता. फेरारात एस्ते घराण्याचा मार्क्विस होता. व्हेनिस हे व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक होतं आणि तिथला प्रमुख, ‘डोज’, निवडून यायचा. फ्लॉरेन्सही नावाला प्रजासत्ताकच, पडद्यामागून सूत्रं हलवायचे मेदिची. मुकुटधारी राजा पाहायचा तर दक्षिणेला पार नेपल्सला जावं लागे. मग मिलानच्या चित्रकारानं चार चार राजे रंगवले ते कुणाला समोर बसवून?

नायब तहसीलदाराचे नातेवाईक

चित्रकाराच्या आधी या राजाचं मूळ गाव पाहायला हवं. पत्ते युरोपात आले ते इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या मुलखातून, १३७० च्या दशकात. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक पत्त्यांचा एक जोड आहे. तो १९३१ साली अभ्यासकांच्या नजरेला आला. त्यातही पेले, मोहरा आणि तलवारी आहेत. चौथा रंग पोलो खेळायच्या काठ्यांचा. इटालियनांना पोलो ठाऊक नव्हता, त्यामुळे त्यांनी त्या काठ्यांचे सरळ दंड करून टाकले.

या जोडातले मानाचे पत्ते तीन: ‘मलिक’ म्हणजे राजा, ‘नायब मलिक’ म्हणजे त्याचा प्रतिनिधी आणि मग ‘दुसरा नायब’. नायब! आपल्या तालुक्याच्या कचेरीत बसतो तोच. इटालियनांनी या शब्दावरून अख्ख्या खेळालाच ‘नाइबी’ म्हणायला सुरुवात केली. फ्लॉरेन्सनं १३७७ साली ‘नाइब्बे’ नावाच्या नव्या खेळावर निर्बंध घातले, आणि स्पॅनिशमध्ये आजही पत्त्यांना ‘नाइपेस’ म्हणतात. अरबीतून एक वाट मराठी कचेरीत आली आणि दुसरी स्पेनच्या जुगाराच्या टेबलावर गेली.

या मामलुक राजाचं वैशिष्ट्य असं, की त्याला चेहराच नाही. पत्त्यावर माणूस काढलेलाच नाही. वेलबुट्टी, रंगाची खूण आणि निळ्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत त्याचा हुद्दा, बस्स. म्हणजे युरोपात राजा पोचला तो हुद्दा म्हणून, आणि चेहरा त्याला तिथं मिळाला. फारसा वेळही लागला नाही. त्याच १३७७ साली जर्मन प्रदेशातल्या फ्रायबुर्गमध्ये योहानेस नावाच्या एका धर्मगुरूनं पत्त्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात चारही राजे सिंहासनावर बसलेले आहेत आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या रंगाची खूण आहे. पुढे इटलीतल्या पत्त्यांतही राजाची बैठक जवळपास हीच राहिली. मुकुट, आसन, हातात खूण. एवढा सांगाडा ठरलेला. म्हणून दोन जोडांतल्या राजांची तुलना करताना सांगाडा बघायचा नाही, अंगावर काय घातलंय ते बघायचं.

अंगरख्यावरचं घराणं

टॅरोची सर्वांत जुनी ठाऊक असलेली नोंद १६ सप्टेंबर १४४० ची आहे. जुस्तो जुस्ती नावाच्या एका नोटरीनं आपल्या रोजनिशीत लिहिलं, की रिमिनीच्या सिजिस्मोन्दो मालातेस्ताला त्यानं पत्त्यांचा एक जोड भेट दिला. तो फ्लॉरेन्समध्ये मुद्दाम करवून घेतला होता, त्यावर सिजिस्मोन्दोचं घराण्याचं चिन्ह काढलेलं होतं आणि साडेचार डुकाट खर्च आला. पहिल्याच नोंदीत किंमत आहे आणि घराण्याचं चिन्ह आहे, हे मला फार बोलकं वाटतं. लग्नात भेट दिलेल्या चांदीच्या ताटावर नाव कोरून घेतात ना, तसला हा प्रकार. जोड देणाऱ्यानं घेणाऱ्याची खुशामत त्यातच रंगवून घेतली.

हीच गोष्ट मिलानच्या जोडांत सोन्याच्या वर्खावर दिसते. मिलानच्या दरबारासाठी केलेले तीन जोड अर्धेमुर्धे टिकले आहेत. दोन शेवटच्या व्हिस्कोंती ड्यूकच्या, फिलिप्पो मारियाच्या काळातले मानतात. त्यांतल्या एकाचे सदुसष्ट पत्ते अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, दुसऱ्याचे अठ्ठेचाळीस मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात. तिसरा थोडा नंतरचा, त्याच्या जावयाच्या म्हणजे फ्रान्चेस्को स्फोर्झाच्या काळातला, १४५० च्या आसपासचा. त्याचे चौऱ्याहत्तर पत्ते उरलेत, पण एकत्र नाहीत. पस्तीस न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, सव्वीस बेर्गामोच्या संग्रहालयात आणि तेरा एका घराण्याच्या खासगी संग्रहात. भावाभावांत वाटणी झाल्यासारखी या जोडाची अवस्था आहे. तिन्ही जोड बहुतांशी बोनिफाचो बेम्बो या क्रेमोनाच्या चित्रकाराच्या नावावर घालतात.

येलच्या जोडातला राजा दरबारात सर्वांत श्रीमंत म्हणायला हवा. तिथं प्रत्येक रंगात सहा मानकरी आहेत: राजा, राणी, घोडेस्वार, घोड्यावरची बाई, प्यादा आणि दासी. असा स्त्री-पुरुष बरोबरीचा दरबार पुढे कुठल्याच जोडानं उचलला नाही. कदाचित एवढी मंडळी हातात धरून खेळणंच जड जात असेल. याच जोडातल्या मोहरांच्या रंगात काढलेली नाणी कल्पनेतली नाहीत. फिलिप्पो मारियानं पाडलेल्या खऱ्या सोन्याच्या नाण्यांचे ठसे त्यांवर आहेत. म्हणजे पत्त्यातला राजा कुणीही असो, त्याच्या रंगातला पैसा मिलानच्या ड्यूकचा.

या जोडांमधल्या दरबारी मंडळींच्या कपड्यांवर व्हिस्कोंतींची चिन्हं विणल्यासारखी पसरलेली दिसतात: किरणं फेकणारा सूर्य, किरणांतली पारवी, आणि ताड व लॉरेलच्या फांद्या खोवलेला मुकुट. आपल्याकडे एखाद्या संस्थानिकाच्या पंक्तीत वाढप्यापासून मानकऱ्यापर्यंत सगळ्यांनी दरबारी पागोटं घालावं, तसं. पत्त्यातला राजा कुठल्याही देशाचा राजा नाही. तो मिलानच्या ड्यूकचा पोशाख घालून बसलेला राजा आहे. माझ्या मते या पत्त्यांचं कुलूप इथंच उघडतं. ‘हा कुणाचा राजा?’ या प्रश्नाचं उत्तर आहे: जोड ज्याचा, राजा त्याचा.

यामागे दुखरी नसही आहे. व्हिस्कोंतींची ड्यूक ही पदवी काही फार जुनी नव्हती. जान गालेआत्सो व्हिस्कोंतीनं ती १३९५ साली जर्मन राजा वेन्झेलकडून मिळवली, एक लाख फ्लोरिन मोजून. पैसे देऊन पदवी घेतली की चारचौघांत ती मिरवावी लागते. मग भिंतींवर, पुस्तकांवर, घोड्यांच्या झुलींवर आणि पत्त्यांवरही.

तलवारीचा राजा आणि त्याची ढाल

आता एका पत्त्यापाशी जरा थांबू. स्फोर्झाच्या जोडातला तलवारीचा राजा. मागे नक्षी उठवलेला सोन्याचा वर्ख. हा पत्ता आपल्या पत्त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच आहे, साधारण साडेसतरा सेंटिमीटर, त्यामुळे एका हातात पंख्यासारखा जोड धरणं कठीणच. राजा तरुण आहे, चिलखत घालून बसला आहे. एका हातात उगारलेली तलवार, आणि दुसऱ्या बाजूला ढाल. ढालीवर सिंह आहे, सिंहाच्या डोक्यामागे प्रभामंडळ, पंज्यात पुस्तक.

डोक्यामागे प्रभामंडळ आणि पंज्यात पुस्तक असलेला सिंह म्हणजे संत मार्कचा सिंह, आणि संत मार्कचा सिंह म्हणजे व्हेनिस. मिलानचा हाडवैरी. मिलानच्या ड्यूकच्या पत्त्यांत शत्रूचं चिन्ह काय करतंय?

याचं उत्तर फ्रान्चेस्को स्फोर्झाच्या आयुष्यात शोधावं लागतं. हा माणूस मूळचा भाडोत्री सेनापती. जो पैसे देईल त्याच्यासाठी लढायचं, हा त्याचा आणि त्याच्या बापाचा धंदा. १४४१ साली त्यानं फिलिप्पो मारियाची एकुलती एक मुलगी ब्यांका मारिया हिच्याशी क्रेमोनात लग्न केलं, पण तो सासऱ्याच्या बाजूनं जितका लढला तितकाच सासऱ्याविरुद्धही लढला, आणि त्यात व्हेनिसची चाकरीही आली. १४४७ साली सासरा वारला, वारस मुलगा नव्हता. मिलानकरांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. फ्रान्चेस्को आधी त्या प्रजासत्ताकाचा सेनापती झाला, मग बाजू बदलून व्हेनिसशी तह केला, शहराला वेढा घातला, आणि १४५० साली उपाशी मिलाननं दरवाजे उघडले. एवढ्या कोलांट्या मारलेल्या माणसाच्या जोडात तलवारीच्या राजाकडे व्हेनिसची ढाल असेल, तर ती त्या जुन्या चाकरीची किंवा तहाची आठवण असू शकते. काही जण असंही म्हणतात, की चारही राजे चार वेगवेगळ्या सत्ता दाखवतात आणि हा त्यांतला व्हेनिसचा. मला हे दुसरं म्हणणं जरा ओढून ताणून वाटतं, कारण बाकीच्या तीन राजांजवळ अशी परक्या सत्तेची नि:संदिग्ध खूण दिसत नाही.

याच जोडातल्या सम्राटाच्या पत्त्याकडे तलवारीच्या राजाच्या शेजारी ठेवून पाहावं. सम्राटाच्या टोपीवर काळा गरुड आहे, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याची खूण. सम्राज्ञीच्या ढालीवरही तोच गरुड. पण तिच्या झग्यावर मात्र हिऱ्याच्या तीन अंगठ्या एकमेकींत अडकवलेल्या दिसतात, आणि ते स्फोर्झाचं चिन्ह! प्रत्यक्षात काय होतं? खऱ्या सम्राटानं, तिसऱ्या फ्रेडरिकनं, फ्रान्चेस्कोला ड्यूक म्हणून कधीच मान्यता दिली नाही. १४५२ साली फ्रेडरिक रोमला मुकुट घालून घ्यायला इटलीत आला, परतताना फेरारात बोर्सो दे एस्तेला मोदेना आणि रेज्जोचा ड्यूक करून गेला. मिलानच्या वाट्याला काहीच नाही. स्फोर्झा घराण्याला ही मान्यता मिळाली ती थेट १४९४ साली, फ्रान्चेस्कोचा मुलगा लुदोव्हिको याला, नव्या सम्राटाकडून, पुतणीच्या लग्नात घसघशीत हुंडा देऊन. म्हणजे जी मान्यता दरबारात मिळाली नव्हती, ती पत्त्यांत रंगवून झाली होती. साम्राज्याच्या सम्राज्ञीला मिलाननं आपला झगा नेसवला होता.

राजापेक्षा मदारी मोठा

इथं खेळाचा नियम लक्षात घ्यायला हवा, नाहीतर चित्रांचा अर्थ अर्धाच लागतो. टॅरोत राजा आपल्या रंगात सर्वांत मोठा. गुणही त्यालाच सर्वांत जास्त: जुन्या मोजणीत राजाचे पाच, राणीचे चार, घोडेस्वाराचे तीन, प्याद्याचे दोन. पण एकवीस हुकमांपैकी कुठलाही हुकूम राजाला कापतो. अगदी सर्वांत छोटा, टेबलावर कवड्या-पेले मांडून हातचलाखी करणारा मदारीसुद्धा. तुम्ही थाटात पेल्यांचा राजा टाकता, शेजाऱ्याकडे पेले संपलेले असतात, तो गालातल्या गालात हसत मदारी टाकतो आणि राजा त्याच्या खिशात जातो. मेंढीकोटात हुकमाच्या दुरीनं एक्का कापावा, तसं.

मग राजाचा नेमका दर्जा काय? हुकमांत सम्राट आहे, पोप आहे, पण राजा नाही. त्याला खालच्या मजल्यावरच ठेवलं आहे. या उतरंडीचं स्पष्ट चित्र हवं असेल तर त्याच काळातली एक कोरीव चित्रमाला आहे, १४६५ च्या सुमाराची, पन्नास चित्रांची. तिला ‘मान्तेन्याचे टॅरो’ म्हणतात, आणि ती मान्तेन्या या चित्रकाराची नाही आणि टॅरोही नाही! पण तिच्यातली पहिली दहा चित्रं समाजाची शिडी दाखवतात: भिकारी, नोकर, कारागीर, व्यापारी, खानदानी गृहस्थ, सरदार, सातवा डोज, आठवा राजा, नववा सम्राट, दहावा पोप. राजा डोजच्या एकच पायरी वर आहे. निवडून आलेला व्हेनिसचा प्रमुख आणि मुकुटधारी राजा शेजारी शेजारी! इटालियन डोळ्यांना राजा म्हणजे परमोच्च सत्ता नव्हती, वरून तिसरी पायरी होती.

सम्राट आणि पोप यांना जुगाराच्या पत्त्यांत बसवल्याबद्दल धर्मोपदेशक चिडत, ते वेगळंच. पोपच्या राज्यातल्या बोलोन्यात तर १७२५ साली एका पाद्र्यानं भूगोल शिकवणारा टॅरो काढला आणि त्यात शहराचा कारभार ‘मिश्र’ असल्याचं छापलं, म्हणजे पोपची सत्ता पुरती नाही असं सुचवलं. त्याला अटक झाली. शेवटी तडजोड म्हणून पत्त्यांतले पोप आणि सम्राट काढून त्यांच्या जागी चार ‘मूर’, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान, आले, आणि बोलोन्याच्या टॅरोत ते आजही आहेत. राजांच्या वाट्याला मात्र कुणी गेलं नाही. ते कुणाचेच नव्हते ना.

फेरारा: खऱ्या राजाची लेक

एस्ते घराण्याच्या जोडाचे सोळाच पत्ते उरले आहेत, तेही येलमध्ये, त्यामुळे इथं फार रेंगाळण्यासारखं नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्यांवर दोन घराण्यांची चिन्हं आहेत, एस्ते आणि नेपल्सचं राजघराणं आरागॉन. १४७३ साली एर्कोले दे एस्तेनं नेपल्सच्या राजाच्या मुलीशी, एलेओनोराशी लग्न केलं, त्याचा हा दाखला. मिलानच्या राजांना उसना राजेपणा होता. फेरारात सून म्हणून खरं राजरक्त आलं आणि लगोलग पत्त्यांवर उमटलं.

सोला बुस्का: राजाला नाव मिळतं

आता सगळ्यांत चक्रावून टाकणारा जोड. ब्रेरा संग्रहालयातच असलेला, इटलीच्या सरकारनं २००९ मध्ये विकत घेतलेला सोला बुस्का टॅरो. अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर पत्ते शाबूत, असा हा सर्वांत जुना जोड. धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेला आणि मग हातानं रंगवलेला. रंगकाम व्हेनिसमध्ये झालं आणि सालही पत्त्यावरच लिहिलं आहे, पण सरळ नाही: ‘शहराच्या स्थापनेपासून १०७०’. व्हेनिसची पारंपरिक स्थापना ४२१ ची, म्हणजे १४९१.

इथं घराण्याचं चिन्ह मिरवणारा अनाम राजा नाही. इथं राजाला नाव आहे, पत्त्यावरच लिहिलेलं. तलवारींचा राजा: अलेक्झांडर. मोहरांचा राजा: फिलिप. पेल्यांचा: लुचो चेचिलिओ. दंडांचा: लेव्हिओ प्लाउतो. शेवटच्या दोघांची नावं रोमन वळणाची आहेत आणि पुढे ‘राजा’ या अर्थाचं अक्षरही लावलंय, पण रोमच्या परंपरेतल्या सात राजांमध्ये असा कुणी नाही. हे दोन राजे रोमन पोशाखातले तोतये म्हणायचे.

खरी कथा पहिल्या दोघांत आहे. फिलिप हा मॅसिडोनियाचा राजा, अलेक्झांडरचा बाप. तलवारींच्या राजाशेजारची राणी कोण? ओलिंपिया. म्हणजे अलेक्झांडरची आई! आपल्याला पत्त्यातले राजा-राणी नवरा-बायको वाटतात, इथं ते माय-लेक आहेत. आणि फिलिपच्या शेजारी, मोहरांची राणी म्हणून, हेलन बसली आहे. बाप एका रंगात दुसऱ्याच बाईबरोबर, आई दुसऱ्या रंगात मुलाबरोबर.

हे उगाच झालेलं नाही. मध्ययुगात अलेक्झांडरच्या आख्यायिका युरोपभर लोकप्रिय होत्या. त्यांत असं सांगितलं आहे, की इजिप्तचा शेवटचा फारो नेक्तानेबो हा जादूगार होता. राज्य गेल्यावर तो पळून मॅसिडोनियाला आला, आमोन देव तुझ्याकडे येणार आहे असं त्यानं ओलिंपियाला सांगितलं, आणि मग स्वतःच देवाचं सोंग घेऊन तिच्या महाली गेला. त्यातून अलेक्झांडर जन्मला. आता जोडाकडे परत या. तलवारींचा घोडेस्वार आहे आमोन. पेल्यांचा घोडेस्वार आहे नातानाबो, म्हणजेच नेक्तानेबो. मुलगा, आई आणि देव एका रंगात. नावाचा बाप दुसऱ्यात. खरा बाप तिसऱ्यात. घरातली भानगड पत्त्यांसारखी पिसून वाटून टाकली आहे. हा जोड ज्यानं आखला तो चांगलाच वाचलेला आणि चांगलाच मिश्कील असला पाहिजे.

हुकमांतही हीच तऱ्हा. नेहमीचे सम्राट-पोप नाहीत. रोमन योद्ध्यांसारखी नावं आहेत, आणि शेवटच्या दोन जागांवर, सर्वांत मोठे हुकूम म्हणून, निम्रोद आणि नेबुखद्नेस्सर बसले आहेत. बायबलमधले दोन गर्विष्ठ राजे, ज्यांचा गर्व उतरला. म्हणजे बाकीच्या जोडांत राजाला हुकमांत प्रवेश नाही, आणि इथं राजे थेट शिखरावर आहेत, पण हे असले.

व्हेनिससारख्या प्रजासत्ताकात रंगवलेल्या जोडात राजे हे असे जुने, दूरचे, ग्रीक-रोमन-बॅबिलोनी असावेत, यात मला तरी नवल वाटत नाही. राजा हवा तर पुस्तकातला, शेजारचा नको. योगायोगानं पुढे फ्रान्समध्येही पत्त्यांतल्या राजांना नावं देण्याची पद्धत पडली: इस्पिकचा डेव्हिड, बदामचा चार्ल्स, चौकटचा सीझर आणि किलवरचा अलेक्झांडर. आपल्या हातातला किलवरचा राजा फ्रेंच माणसाला विचारलात तर तो नाव सांगेल.

सावंतवाडीचा चुलतभाऊ

इतकं सगळं इटलीचं झालं, तर एक धागा आपल्याकडचाही आहे आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: गोल पत्ते, दहा रंग, प्रत्येकात बारा, एकूण एकशेवीस. मानाचे पत्ते दोनच, राजा आणि प्रधान. मामलुक जोडासारखंच इथंही राणी नाही. राजा आणि त्याचा हाताखालचा माणूस एवढाच दरबार. आणि एक विचित्र नियम दोन्हीकडे सारखा आहे. गंजिफेत अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक्का छोटा, तर उरलेल्या अर्ध्यांत उलट, एक्का मोठा. जुन्या इटालियन टॅरोतही तलवारी आणि दंडांत दहा मोठा, पण पेले आणि मोहरांत एक्का मोठा. असा आडमुठा नियम दोन ठिकाणी आपोआप सुचणं अवघड. दोन्ही खेळ एकाच पश्चिम आशियाई आजोबाकडून आले असावेत, असं मानायला यामुळे बळ मिळतं. राजा मात्र दोन्ही खेळांत, सरळ क्रमात असो की उलट्या, सगळ्यांच्या वर. गंजिफेत तो मत्स्य, कूर्म, वराह अशा अवतारांच्या रूपात बसतो. मिलानला ड्यूकचा अंगरखा, कोकणात विष्णूचा अवतार.

टिकले ते न खेळलेले

एक गोष्ट या सगळ्या तुलनेत सारखी टोचत राहते. आपण ज्या राजांबद्दल बोललो ते सगळे सोन्याचे, दरबारी, महागडे. त्या काळी ठशांनी छापलेले स्वस्त पत्तेही भरपूर होते, आणि खरा खेळ त्यांवरच चालत असणार. त्यांतले जवळपास सगळे गेले. पिसून पिसून मळले, फाटले, चुलीत गेले. उरले ते अपघातानं. मिलानच्या स्फोर्झा किल्ल्याच्या दुरुस्तीत विहिरीतून काही जुने पत्ते निघाले. न कापलेले छापील ताव काही ठिकाणी उरले, कारण रद्दी कागद पुस्तकांच्या बांधणीत पुठ्ठा म्हणून चिकटवायची पद्धत होती. त्या तावांवरच्या राजांच्या अंगावर कुणाचं चिन्ह नाही. चार जाड रेघांचा झगा, तीन टोकांचा मुकुट, आणि घाईत कोरलेला चेहरा.

स्फोर्झाच्या सोनेरी पत्त्यांपैकी बऱ्याच पत्त्यांना वरच्या कडेला मधोमध एक बारीक भोक आहे. कुणीतरी, कधीतरी, ते टाचणीनं भिंतीला लावले होते.